‘यादी लागायच्या आत वाडा पाडा’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

सोलापूरच्या पेठांमधल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. शुक्रवार पेठेतून तो बाळीवेशीत जातो, तिथून उत्तर कसब्यात, आणि ज्यांच्या आजोबांचा वाडा अजून उभा आहे ते तो घाबरून पुढे पाठवतात. मजकूर थोडक्यात असा: जुनं घर महापालिकेच्या हेरिटेज यादीत, म्हणजे जपायच्या जुन्या वास्तूंच्या यादीत, गेलं की सरकारजमा होतं. त्यात खिळासुद्धा ठोकता येत नाही. किल्ल्यापासून तीनशे मीटरपर्यंत सगळी बांधकामं बंद. घर अंगावर पडायला आलं तरी पाडू देत नाहीत. मालकाला न विचारता नाव घालतात. असल्या नियमांनीच सोलापूर मागे राहिलं. आणि शेवटी सल्ला: यादी लागायच्या आत पाडून मोकळे व्हा.

परवानगीच्या फायली करणं हे माझं रोजचं काम आहे, म्हणून उत्तर देतोय. सुरुवात शेवटच्या सल्ल्यापासून करतो, कारण सगळ्यात जास्त नुकसान तोच करणार आहे.

महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ मध्ये ‘विकास’ याची जी व्याख्या आहे, तिच्यात उभी इमारत पाडणंही येतं. म्हणजे पाडकामालाही परवानगी लागते. विनापरवाना काम केलं तर याच कायद्यात कैद आणि दंड दोन्ही आहेत. बरं, समजा पाडलं. पुढे काय? नव्या बांधकामाला आजचे नियम लागतात: रस्त्याची नियमित रेषा (रुंदीकरणासाठी ठरलेली हद्द), सोडायची जागा, पार्किंग. चाटी गल्लीसारख्या ठिकाणी प्लॉट तोंडाला अरुंद आणि आत खोल असतो. तिथे पुढून रुंदीकरणाचा पट्टा गेला की उरलेल्या जागेत काय बसतं, हे आराखडा काढायला घेतल्यावर कळतं. तोवर जुनं घर गेलेलं असतं. आणि त्यात भाडेकरू असतील तर त्यांचे हक्क भिंतींबरोबर पडत नाहीत. ते कोर्टात उभे राहतात.

‘सरकारजमा होतं’

सरकार मालमत्ता ताब्यात घेतं म्हणजे नेमकं काय, हे समजायला दुसऱ्या कुठल्या गावाचं उदाहरण नको. मुरारजी गोकुळदासांनी १८७७ साली काढलेली सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग मिल, आपली जुनी मिल, १९४९ साली बंद पडली. जानेवारी १९५० मध्ये केंद्र सरकारने वटहुकूम काढला, पुढे त्याचा कायदा केला, जुन्या संचालकांना बाजूला सारलं आणि कारभार आपल्या माणसांच्या हाती दिला. एक भागधारक त्याविरुद्ध भांडत सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. डिसेंबर १९५३ मध्ये न्यायालयाने द्वारकादास श्रीनिवास खटल्यात सांगितलं की कागदावर मालकी कंपनीची ठेवली असली, तरी कारभार आणि मालमत्ता अशी हातातून काढून घेणं म्हणजे मालमत्ता हिरावणंच आहे, आणि मोबदला न देता ते करता येत नाही. देशभरच्या कायदा महाविद्यालयांत शिकवला जाणारा हा निकाल आपल्या गिरणीवरून लागलेला आहे. मालमत्तेचा हक्क १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीनंतर मूलभूत हक्क राहिला नाही, पण कायद्याच्या आधाराशिवाय कोणाची मालमत्ता घेता येत नाही हे कलम ३००-अ मध्ये आजही आहे.

आता हेरिटेज यादी बघा. प्रॉपर्टी कार्डावरचं नाव तेच राहतं. घर विकता येतं, गहाण टाकता येतं, मुलांच्या नावे करता येतं, भाड्याने देता येतं. भाडं तुम्हीच घेता, घरपट्टीही तुम्हीच भरता. सरकारचा माणूस येऊन कारभार बघत नाही.

मग ही भीती आली कुठून? माझ्या मते लोक यादीची आणि आरक्षणाची गल्लत करतात. विकास आराखड्यात एखाद्या जागेवर बाग, शाळा किंवा रस्त्याचं आरक्षण पडलं की ती जागा पुढे संपादित करायची असते, आणि त्या आरक्षणाखाली अडकून पडलेली कुटुंबं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. त्यांचा राग खरा आहे. त्यावरही नगररचना कायद्यात उपाय आहे: आराखडा अमलात आल्यापासून दहा वर्षांत जागा घेतली नाही, तर कलम १२७ खाली मालक नोटीस देऊ शकतो, आणि त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाची पावलं उचलली नाहीत तर आरक्षण रद्द होतं. हेरिटेज यादीत संपादन हा विषयच नाही.

‘खिळाही ठोकता येत नाही’

यात एक खरी गोष्ट आहे, ती आधी मान्य करतो. साध्या घराच्या आतल्या दुरुस्तीला, बाहेरचं रूप बदलत नसेल तर, नगररचना कायद्याखाली परवानगी लागत नाही. हेरिटेज इमारतीला ही सूट नाही. तिथे आतल्या कामासाठीही विचारावं लागतं. हा मालकावर जादा भार आहे आणि तो नाकारण्यात अर्थ नाही.

पण विचारायला लागणं म्हणजे बंदी नव्हे. किती मोकळीक मिळते ते श्रेणीवर ठरतं. श्रेणी एक ही राष्ट्रीय किंवा मोठ्या ऐतिहासिक महत्त्वाच्या वास्तूंची. तिथे इमारत बळकट करायला जेवढं लागेल तेवढंच काम करू देतात. श्रेणी दोनमध्ये आतले बदल आणि नवा वापर चालतो, बाहेरच्या बदलांवर बारकाईने नजर असते. श्रेणी तीन ही रस्त्याच्या एकूण रूपाला शोभा देणाऱ्या घरांची. तिथे आत-बाहेर बदल, इतकंच काय, त्याच प्लॉटवर वाढीव बांधकामसुद्धा मिळू शकतं, फक्त ते जुन्याशी मेळ खाणारं हवं. पेठांमधली राहती घरं यादीत आली तर त्यातली बहुतेक याच खालच्या श्रेणीत बसतील, असा माझा अंदाज आहे.

दुरुस्ती कशी व्हावी याला मात्र खरंच महत्त्व आहे. आपल्याकडचं माळवदाचं घर घ्या. खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर आडवं लाकूड, आणि वर मातीचा जाड थर. गच्चीचं पन्हाळ तुंबलं की पाणी भिंतीत मुरतं आणि तुळईचं भिंतीत रुतलेलं टोक सडायला लागतं. खोलीतून बघाल तर तुळई धडधाकट दिसते. जाणता सुतार भिंतीलगत पटाशी टोचून बघतो, आणि पटाशी लोण्यात गेल्यासारखी आत गेली की त्याला कळतं. कुजलं तेवढं कापून नवं सागवान सांधता येतं. त्याऐवजी घाईत काय होतं? ओल दिसली म्हणून मातीच्या भिंतीवर आतून-बाहेरून सिमेंटचा गिलावा मारला जातो. मग भिंतीतला ओलावा बाहेर पडायची वाटच बंद होते, तो लाकडाकडे वळतो आणि पाच-सहा पावसाळ्यांत तुळई बसते. असं काम करण्याआधी कोणीतरी जाणकाराने आराखडा बघणं यात मालकाचाच फायदा आहे.

वापर बदलता येतो का? महापालिका ज्या इंद्रभुवनात बसते ते अप्पासाहेब वारदांनी बांधलेलं घर होतं. मुंबईत मरीन ड्राइव्हवरच्या आर्ट डेको इमारती २०१८ साली जागतिक वारसा यादीत गेल्या. त्या फ्लॅटमध्ये लोक आजही राहतात, स्वयंपाक करतात, घरं विकतात. हेरिटेज नियमांत एक सवलतही असते: राहती इमारत नीट राखायची हमी मालकाने दिली, तर तिचा काही भाग किंवा ती पूर्णच कार्यालय, हॉटेल अशा कामासाठी वापरू देता येते. आणि नियमांमुळे जो एफएसआय (प्लॉटवर किती बांधता येतं ते प्रमाण) वापरता येत नाही, त्याबदल्यात टीडीआर, म्हणजे तो बांधकामाचा हक्क दुसरीकडे वापरायला विकता येईल असा, देण्याची तरतूद आहे. याला मर्यादाही आहे. टीडीआरला भाव तेव्हाच येतो, जेव्हा विकत घेणारा बिल्डर समोर असतो, आणि सोलापुरात मुंबई-पुण्याइतकी मागणी नाही. वाड्याच्या मालकाला रोख मदत हवी आहे: दुरुस्तीसाठी अनुदान, घरपट्टीत सूट. मेसेज पाठवणाऱ्यांनी ही मागणी केली असती तर मी पहिली सही केली असती.

‘किल्ल्यापासून तीनशे मीटर सगळं बंद’

हा वेगळा कायदा आहे आणि त्याचा महापालिकेच्या हेरिटेज यादीशी संबंध नाही. भुईकोट किल्ला केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे, त्यामुळे १९५८ चा प्राचीन स्मारकांचा कायदा आणि त्याची २०१० ची दुरुस्ती इथे लागू होते. संरक्षित हद्दीपासून पहिले १०० मीटर प्रतिबंधित. तिथे नवं बांधकाम नाही, हे खरं. मात्र १६ जून १९९२ च्या आधीपासून उभ्या असलेल्या इमारतीची दुरुस्ती आणि नूतनीकरण तिथेही परवानगीने करता येतं. त्यापुढचे २०० मीटर हे नियंत्रित क्षेत्र. तिथे नवं बांधकामसुद्धा मिळतं, फक्त ना-हरकत आणावी लागते. अर्ज सक्षम अधिकाऱ्याकडून राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाकडे जातो आणि कायद्यात प्रत्येक टप्प्याला मुदत घातलेली आहे. ती मुदत नेहमी पाळली जाते असं मी म्हणणार नाही. पण जुन्या घराचा १९९२ च्या आधीचा पुरावा, म्हणजे घरपट्टीची पावती, वीजबिल किंवा सिटी सर्व्हेचा उतारा, जपून ठेवलेला असेल तर अर्धं काम झालं. ‘सगळं बंद’ असं सांगून लोकांना ही कागदं शोधायलासुद्धा जाऊ न देणं ही त्यांची फसवणूक आहे.

‘पडायला आलं तरी पाडू देत नाहीत’

महापालिका अधिनियमाच्या कलम २६४ खाली धोकादायक इमारतीबाबत आयुक्तांना अधिकार आहेत, आणि यादीत नाव असल्याने ते संपत नाहीत. धोकादायक इमारतींचे वर्ग केले जातात. सी-१ म्हणजे तात्काळ रिकामी करून पाडायची, सी-२अ म्हणजे रिकामी करून दुरुस्त करायची, सी-२ब म्हणजे रिकामी न करता दुरुस्ती, सी-३ म्हणजे किरकोळ डागडुजी. खरा वाद बहुतेक वेळा सी-१ आणि सी-२अ यांच्यामधला असतो. जो वाडा चार तुळया बदलून उभा राहिला असता, तो भाडेकरू निघावेत म्हणून सी-१ मध्ये ढकलला जातो. यादीतल्या इमारतींचे अर्ज तपासणाऱ्या हेरिटेज समितीसमोर प्रकरण गेलं तर हा प्रश्न उघडपणे विचारला जातो, आणि मला वाटतं काहींना यादी नको असण्याचं खरं कारण हेच आहे.

‘न विचारता नाव घालतात’

यादी किंवा विकास आराखडा गुपचूप लागू होत नाही. प्रारूप, म्हणजे कच्चा मसुदा, प्रसिद्ध करावं लागतं आणि हरकती-सूचना मागवाव्या लागतात. हरकती ऐकणाऱ्या नियोजन समितीत स्थायी समितीचे तीन सदस्य आणि शासनाने नेमलेले जास्तीत जास्त चार तज्ज्ञ असतात. अंतिम मंजुरी शासनाची. दोष असा की जाहिरात येते वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर, नकाशा लावतात कार्यालयात, आणि ज्या म्हातारीचं घर त्यात आहे तिच्यापर्यंत काहीच पोचत नाही. महापालिकेने प्रत्येक मालकाला आणि भाडेकरूला पत्राने कळवलं पाहिजे, मराठीत, घराच्या नंबरासह, श्रेणी का दिली त्याच्या कारणासह. यासाठी भांडायला हवं.

‘यामुळेच सोलापूर मागे राहिलं’

जुनी मिल १९४९ मध्ये बंद पडली. राज्यातली पहिली हेरिटेज नियमावली मुंबईत १९९५ मध्ये आली. गिरणी वाचवायला यादी नव्हती आणि गिरणी बुडवायलाही यादी नव्हती. आज मुरारजी पेठेत जुनी मिल उरली आहे ती ‘जुनी मिल कंपाउंड’ अशी पत्त्यापुरती. देशात गाजलेली संस्था, हजारो कामगारांचा पोटापाण्याचा आधार, १९३० च्या मार्शल लॉच्या दिवसांत रस्त्यावर उतरलेल्या गिरणी कामगारांचं शहर, आणि त्याच्या खुणा शोधायला आज रिक्षावाल्याला पत्ता विचारावा लागतो. याचं मला दुःख आहे. आपली पोरं पुण्याला जातात ती नोकरीसाठी. नळाला काही काही दिवसांआड पाणी येतं. यातलं काहीही कसब्यातल्या एखाद्या वाड्याच्या नक्षीदार चौकटीमुळे घडलेलं नाही.

वाडे पडतात त्याची कारणं मी फायलींत बघतो: सात-आठ हिस्सेदार, त्यातले तीन बाहेरगावी, एकाची सही मिळत नाही. भाडं शंभर-दोनशे रुपये, मग दुरुस्ती करणार कोण? कोर्टात वाटणीचा दावा. वर गळणारं माळवद.

तुमचं घर प्रारूप यादीत आलं आणि ते चुकीचं वाटलं, तर हरकत घ्या. तो तुमचा हक्क आहे. ‘यादी नको’ एवढं एकच वाक्य लिहून देऊ नका. श्रेणी चुकली असेल तर कोणती हवी आणि का ते लिहा. सोबत प्रॉपर्टी कार्ड, सगळ्या हिस्सेदारांच्या सह्या, भाडेकरूंची नावं, स्ट्रक्चरल इंजिनिअरचा अहवाल आणि तारखेसह फोटो जोडा. घराचा मागचा भाग अलीकडे सिमेंटमध्ये बांधलेला असेल तर तो नकाशावर वेगळा दाखवा आणि तेवढा वगळायला सांगा. दुरुस्तीला अनुदान मागायचं असेल तर तेही त्याच अर्जात मागा. आवक-जावक विभागातून शिक्क्याची पोच घ्या आणि सुनावणीच्या दिवशी घरातल्या कोणीतरी स्वतः जा.