बी सापडला, बाबा हरवले

आमच्या बाबांचा, म्हणजे सासऱ्यांचा, झेनिट-ई हा रशियन कॅमेरा म्हणजे वरवंट्याचा सख्खा भाऊ. त्याच्या वेगाच्या चकतीवर बी, 30, 60, 125, 250, 500 एवढेच आकडे. 30 म्हणजे पडदा सेकंदाचा तिसावा भाग उघडा; बी म्हणजे बटण दाबून धराल तोवर उघडा. पण एकही खरं बोलेना. 30 लावावं, तर बटणावरचं बोट उचलेपर्यंत पडदा सताड उघडा. म्हणजे तो बी! चकती एक घर सरकली होती. 125 म्हणावं तर निघे 60.

नाशिकचा मेनरोड झाला, शालिमार झालं. दादासाहेब फाळके 1870 साली जन्मले ते त्र्यंबकेश्वर इथून तासाभरावर, आणि मला कॅमेऱ्याचा स्क्रू पिळणारा कुणी भेटेना. शेवटी एक घड्याळवाले काका भेटले.

"सेल बदलायचाय का, ताई?"

"याला सेल लागतच नाही. उजेड मोजायचा मीटर उजेडावरच चालतो."

"मग आमच्या पोटावर पाय की!" म्हणत त्यांनी सुईएवढा स्क्रूड्रायव्हर दिला. हमी मात्र दिली नाही.

चकतीच्या कडेला जे बारीक स्क्रू असतात, त्यांना डोकं नसतं. हे काम अंगावर घेणाऱ्यालाही नसतं, असं आमच्या ह्यांचं मत. त्यातला एक टुणकन उडाला. फरशी जुन्या मोझॅकची, काळ्या-करड्या ठिपक्यांची! पंखा बंद, केरसुणी बंद, बाबांना "चहा तिथेच प्या, पाय खाली टेकू नका" अशी तंबी. फ्रिजवरचं चुंबक फरशीवर फिरवलं, तर आधी टाचण्या आल्या, मग स्टेपलरच्या पिना, आणि सगळ्यात शेवटी, पाहुण्यासारखे, स्क्रूमहाराज.

पुढचं काम कानाचं. रीळ पुढे सरकवणारा खटका ओढायचा, बटण दाबून धरायचं. एक खट्. बोट उचललं की दुसरं खट्, की समजायचं हाच बी. मग खटका पुन्हा ओढून चकतीवरचा बी खुणेसमोर आणायचा आणि स्क्रू आवळायचे. खटका ओढल्याशिवाय जुळवण्यात अर्थ नाही, कारण फोटो निघताना ही बया स्वतःभोवती फिरते. बी बसला की बाकीचे आकडे मुकाट रांगेत येतात.

मी कॅमेरा बाबांच्या हातात दिला. त्यांनी चकती उचलून फिरवली, ऐकलं, आणि चेहरा पाडला.

"अगं, ती एक घर पुढे आहे हे ठाऊक होतं मला. मी भिंगाचं छिद्र आठच्या जागी अकरावर, म्हणजे एक घर लहान, लावायचो, फोटो झकास यायचे. आता या वयात सरळ हिशेब कसा जमायचा?"