तुर्कीच्या त्या काकांबद्दलचा खुलासा

पॅरिस 2024 ऑलिंपिकमधला तुर्कीचा नेमबाज युसुफ डिकेचचा तो खिशात हात घातलेला फोटो परत फिरतोय आणि खाली तेच, 'बाकीच्यांकडे स्कोप, लेझर, हा गडी नुसत्या डोळ्यांनी मेडल घेऊन गेला'. अहो 10 मीटर एअर पिस्टलमध्ये स्कोप, लेझर चालतच नाही, सगळ्यांनाच पिस्तुलावरची पुढची साइट (नेम धरायचा छोटा खुंट) आणि मागची खाच एवढंच, आपल्या मनू भाकर-सरबज्योतलासुद्धा, ज्यांनी त्याच मिक्स्ड टीममध्ये ब्राँझ घेतलं (डिकेच आणि त्याची जोडीदार तरहान यांचं सिल्व्हर). खिशात हात बरेच जण घालतात, एका हातानेच मारायचं असतं.

आणि बाकीचे नेमबाज घालतात त्या विचित्र चष्म्याची लेन्स टार्गेट मोठं करून दाखवत नाही, ती पुढची साइट क्लिअर दिसावी म्हणून असते, टार्गेट धुरकट दिसलं तरी चालतं, किंबहुना धुरकटच दिसायला हवं. कारण हिशोब बघा, अख्खा हात सरळच्या सरळ 1 मिमी सरकला तर छर्रा 1 मिमीच चुकतो, पण पुढची साइट खाचेत 1 मिमी कलली तर साइट आणि खाचेमधलं अंतर 36 सेंमी धरलं तरी 10 मीटरवर जवळपास 28 मिमीचा फरक, आणि दहा गुणांचं वर्तुळ आहे फक्त 11.5 मिमीचं! बाकी डिकेच दोन्ही डोळे उघडे ठेवून मारतो हे मात्र खरंय.