क्रियापद नेहमी कर्त्याच्याच मागं जातं?

लेख छान आहे पण "कुठल्याही भाषेत क्रियापद कर्त्याप्रमाणे बदलतं" हे वाक्य काही पटलं नाही बुवा. लांब कशाला, मराठीच घ्या की. पोराने भाकर खाल्ली, पोरीनेही भाकर खाल्लीच, आंबा असला की दोघांनी खाल्ला. म्हणजे क्रियापद खाणाऱ्याला विचारतच नाही, जे खाल्लं त्याच्या मागं जातं, शाळेत कर्मणी प्रयोग घोकला तो हाच. "आईने पोरीला बोलावलं" यात तर ना आईचं ऐकतं ना पोरीचं, आपलं नपुंसकलिंगी होऊन बसतं. आणि खरी गंमत "तू भाकर खाल्लीस" मधे आहे, त्यातली ली भाकरीची अन् शेवटचा स तुझा, एकाच क्रियापदात दोघांचा मान ठेवलाय!

आमचं गाव देगलूरकडं, तेलंगणाच्या सीमेला लागून, त्यामुळं तेलुगू लहानपणापासून कानावर. तिथं मात्र तुमचा नियम चालतो, मी खाल्लं तर तिन्नानु, मग काहीही खाल्लेलं असो. पण तिथंही ती आली तर वच्चिंदि आणि कुत्रं आलं तरी वच्चिंदिच, तो आला तर वेगळं (याच्यावर आमच्या घरात बायका लई चिडतात). हैदराबादकडची दखनी तर "मैं रोटी खाया" म्हणते, हिंदीतला ने पण नाही अन् रोटीसाठी खाई पण नाही. हिंदीच्या सरांना हे चुकीचं वाटतं, पण त्या बोलीचा नियमच तो आहे. पुढच्या भागात या बाजूच्या भाषांवर लिहा ना, इंग्रजीचीच उदाहरणं किती द्यायची.