डबल क्लिकला कसली आलीय परवानगी?

एका आयकॉनवर दोनदा टिचकी मारायची आणि फाइल उघडायची. एवढंच काम. सर्व्हर उभा करायचा नाहीये, कर्नल कंपाइल करायचं नाहीये, कुणाच्या सिस्टिममध्ये घुसायचं नाहीये. स्वतःचं मशीन, स्वतःचं होम फोल्डर, स्वतः ठेवलेली फाइल. आणि तिच्यापायी काल रात्रीचं जेवण गार झालं, बाबांशी खटका उडाला आणि आज दुपार झाली तरी माझं डोकं भणभणतंय.

बाबा सोसायटीचे खजिनदार आहेत. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यांच्या जुन्या मशीनला ११ चालत नाही, म्हणून त्यावर ग्नोमवालं (ग्नोम म्हणजे खिडक्या आणि आयकॉन दाखवणारा डेस्कटॉप) लिनक्स टाकून दिलं. मशीन छान पळतंय, प्रिंटर चालतो, मराठी टायपिंग चालतं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. बाबांनी मागितलं काय, तर डेस्कटॉपवर ‘पावत्या’ नावाचा एक आयकॉन. तो दाबला की लिब्रे ऑफिसमध्ये मेंटेनन्सची शीट उघडावी, शीट बंद केली की तिची एक कॉपी बाहेरच्या डिस्कवर पडावी. चार ओळींची स्क्रिप्ट, म्हणजे कमांडची छोटी यादी, आणि तिला एक डॉट डेस्कटॉप लाँचर, म्हणजे आयकॉनमागची छोटी फाइल. नव्या आर्थिक वर्षाची शीट आली म्हणून मी इथूनच त्यांच्या मशीनवर लॉगिन केलं आणि लाँचर बदलून ठेवला. एक्झिक्युटेबल परवानगी, म्हणजे फाइल प्रोग्रॅमसारखी चालवायची मुभा, दिली, मालक म्हणून बाबांचंच खातं ठेवलं, पाथ दोनदा वाचला.

रात्री फोन. ‘अरे, ते पावत्यांचं चित्र गेलं. दाबलं की इंग्रजीत काहीतरी येतंय. अनट्रस्टेड.’

अनट्रस्टेड! कुणावर विश्वास नाही तुमचा? फाइलचा मालक बाबा. फोल्डरचा मालक बाबा. समोर बसलेला माणूस बाबा. परवानगीचे तिन्ही आकडे (मालक, गट आणि इतर यांचे) बरोबर. तरी हा डेस्कटॉप म्हणतो की विश्वास नाही. कारण हा विश्वास फाइलमध्ये लिहिलेलाच नसतो! तो होम फोल्डरच्या आत, लपलेल्या लोकल शेअरच्या पोटात, जीव्हीएफएस मेटाडेटा नावाच्या बायनरी डेटाबेसमध्ये असतो. टर्मिनलमध्ये एलएस (फाइलींची यादी दाखवणारी कमांड) करा, दिसत नाही. प्रॉपर्टीज उघडा, दिसत नाही. फाइल दुसऱ्या मशीनवर न्या, विश्वास मागेच राहतो. माझ्या खात्यातून सुडो (दुसऱ्या खात्याच्या अधिकाराने कमांड चालवायची सोय) लावून बाबांच्या नावाने जीआयओ सेट (तो शिक्का मारणारी कमांड) चालवलं, तर उत्तर आलं की हे ॲट्रिब्यूट सपोर्टेड नाही. सपोर्टेड आहे रे! फक्त त्या क्षणी डी-बस सेशन, म्हणजे प्रोग्रॅमना एकमेकांशी बोलायची वाट, नव्हतं म्हणून ते लिहिता आलं नाही. मग तसं सांग ना! ‘सपोर्टेड नाही’ हे कारण नाही, हे धादांत खोटं आहे, आणि असल्या एका वाक्यापायी जगभरातली माणसं चुकीच्या दिशेने शोधत बसतात.

शेवटी म्हटलं जाऊ दे, फोनवरूनच करू. आता हा संवाद ऐका.

‘बाबा, त्या आयकॉनवर राइट क्लिक करा.’
‘केलं.’
‘अलाव लाँचिंग असं दिसतंय?’
‘नाही. ओपन आहे, कट आहे, कॉपी आहे, ट्रॅश आहे.’
‘नीट बघा, असणारच.’
‘अरे नाहीये! मला वाचता येत नाही का?’

बाबांचं बरोबर होतं. आयकॉन चालेना म्हणून त्यांनी फाइल्सची खिडकी उघडली होती, तिच्यात डावीकडच्या डेस्कटॉप फोल्डरवर गेले होते, आणि तिथून त्याच फाइलवर राइट क्लिक करत होते. तीच फाइल, तेच फोल्डर, फक्त बघायची खिडकी वेगळी. पण डेस्कटॉप दाखवतं एक एक्स्टेन्शन (वरून जोडलेला प्रोग्रॅम) आणि फोल्डर दाखवतं नॉटिलस (ग्नोमचा फाइल मॅनेजर, तीच फाइल्सची खिडकी), आणि या दोघांचे नियम वेगळे. नॉटिलसला डॉट डेस्कटॉप फाइल चालवायचीच नसते. तिथे डबल क्लिक केलं की ती टेक्स्ट एडिटरमध्ये उघडते. तेही झालं. ‘आता चौकोनी कंसात डेस्कटॉप एंट्री लिहिलंय, खाली एक्झेक इक्वल टू आणि काय काय. हे मी भरायचंय का?’ सत्तरी ओलांडलेल्या माणसाला हा प्रश्न पडतो यात त्या माणसाचा काय दोष? वापरणाऱ्याच्या दृष्टीने डेस्कटॉप हे एकच ठिकाण आहे. पडद्यामागे दोन प्रोग्रॅम आहेत हे त्याने का लक्षात ठेवायचं?

या सगळ्यामागचं कारण मला माहीत नाही असं नाही. डॉट डेस्कटॉप फाइलला कुठलंही नाव आणि कुठलंही चित्र लावता येतं, म्हणजे वरून पीडीएफ दिसते आणि आत कमांड असते. नॉटिलसमधली ही त्रुटी २०१७ मध्ये सुरक्षा त्रुटींच्या यादीत सीव्हीई-२०१७-१४६०४ म्हणून नोंदली गेली आणि त्यातूनच हा ट्रस्टेडचा शिक्का आला. धोका खरा आहे, अडवलंच पाहिजे. पण आता एका टिचकीला तीन कुलपं आहेत: एक्झिक्युटेबल बिट हवा, ट्रस्टेडचा शिक्का हवा, आणि ‘इतरांना’ लिहायची परवानगी असता कामा नये. ही तिन्ही एका जागी बघायची सोय का नाही? प्रॉपर्टीजच्या खिडकीत पहिलं दिसतं, तिसरं दोन पायऱ्या आत गेल्यावर दिसतं, आणि दुसरं दिसतच नाही.

तिसऱ्या कुलपावरून तर माझी तळपायाची आग मस्तकात जाते. कारण फोरमवर परवानगीचा कुठलाही प्रश्न विचारा, पहिलं उत्तर ठरलेलं: ‘सीएचमॉड ७७७ कर’, म्हणजे परवानगी बदलायच्या कमांडने सगळ्यांना सगळी मुभा देऊन टाक. ७७७ केलं की ‘इतरांना’ लिहायची परवानगी मिळते, आणि नेमकी तीच या लाँचरला चालत नाही! म्हणजे नुसता ट्रस्टेडचा शिक्का मारून जे चाललं असतं, ते आता इनव्हॅलिड परमिशन्स म्हणून बंद. हा सल्ला देणाऱ्यांचा मला मनापासून राग आहे. आपल्या मशीनवर एकदा चाललं एवढ्या भांडवलावर हे लोक दुसऱ्याच्या मशीनचं वाटोळं करतात. पूर्ण होम फोल्डरवर रिकर्सिव्ह (आतल्या सगळ्यासकट) ७७७ मारा, दुसऱ्या दिवशी एसएसएच (दूरच्या मशीनवर लॉगिन करायचा प्रोग्रॅम) म्हणणार की तुमच्या कीच्या परवानग्या फार मोकळ्या आहेत, मी नाही वापरत. चुकून यूएसआर या सिस्टिमच्या फोल्डरवर रिकर्सिव्ह चाऊन (मालक बदलणारी कमांड) मारा, सुडोच मरतं, कारण त्या फाइलचा मालक रूट, म्हणजे सर्वाधिकारी खातं, हवा आणि सेटयूआयडी बिट (मालकाच्या अधिकाराने चालवणारी खूण) हवा. आता दुरुस्तीला सुडो लागणार आणि दुरुस्त करायचंय सुडोच. दुसरे शहाणे उलट सांगतात, सगळ्याला ६४४ करा, म्हणजे मालकाला वाचता-लिहिता आणि बाकीच्यांना फक्त वाचता यावं. फोल्डरचा एक्स (एक्झिक्युटेबल) बिट गेला की फोल्डरच्या आत पाऊल टाकता येत नाही, हे त्यांच्या गावीही नसतं. मोठ्या एक्सची सोय त्यासाठीच आहे. सीएचमॉडला मोठा एक्स दिला की फोल्डरना तो बिट मिळतो, आधी तो कुणालाच नसलेल्या साध्या फाइलना मिळत नाही. पण ते सांगायला मॅन पेज, म्हणजे कमांडचं माहितीपत्रक, वाचलेलं लागतं.

असो. काल अखेर बाबांना डेस्कटॉपवर आणलं, अलाव लाँचिंग सापडलं, शीट उघडली. मी सुटकेचा श्वास टाकतोय तोवर बाबा म्हणाले, ‘डिस्कवर आजची तारीख दिसत नाही.’

डिस्क ईएक्सटी४ आहे, म्हणजे लिनक्सच्या पद्धतीने फॉरमॅट केलेली. मशीन बसवताना पहिलं खातं माझं केलं, म्हणून तिथे माझा यूआयडी (खात्याचा क्रमांक) १०००, बाबांचा १००१. डिस्कवरचं फोल्डर मी माझ्या लॅपटॉपवरून भरलेलं, तिथेही मी १०००. डिस्कवर नाव लिहिलेलं नसतं, आकडा लिहिलेला असतो. म्हणून बाबांच्या मशीनवर त्या फोल्डरला कुलपाचं चिन्ह, आणि परमिशन्सच्या पानावर ते वाक्य: ‘यू आर नॉट द ओनर, सो यू कॅनॉट चेंज दीज परमिशन्स.’ बाबांनी ते मला फोनवर वाचून दाखवलं आणि विचारलं, ‘मालक नाही म्हणजे? डिस्कचे पैसे मी दिलेत.’ काय उत्तर देऊ? ते वाक्य तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे आणि माणसाच्या तोंडावर दार आपटणारं आहे. पुढे काय करायचं त्याचा एक शब्द नाही. ना बटण, ना पासवर्डची चौकट. प्रिंटर जोडताना पासवर्ड विचारता येतो, सॉफ्टवेअर टाकताना विचारता येतो, मग इथेच का नाही?

आणि डिस्क एनटीएफएस, म्हणजे विंडोजच्या फॉरमॅटची, असती तर उलटी तऱ्हा. तिथे सगळ्या फाइल तुमच्याच नावावर दिसतात, पण परवानगी बदलायला जा, बटण सरकतं आणि पुन्हा मागे येतं. एक अक्षर नाही की या फाइल सिस्टिमवर हे आत्ताच्या माउंटमध्ये (डिस्क ज्या पद्धतीने जोडलीय तिच्यात) लागू होत नाही. विंडोज फास्ट स्टार्टअपने (पूर्ण बंद न करता अर्धवट झोपवून) बंद केलेलं असलं तर डिस्क फक्त वाचता येते किंवा माउंटच होत नाही, आणि माणूस बिचारा सीएचमॉड करत बसतो. ज्याचा परवानग्यांशी काडीचा संबंध नाही, तेही परवानगीचंच दुखणं वाटतं, कारण खिडकी नीट बोलत नाही.

आयकॉनचं तर २०१८ पासूनचं रडगाणं आहे. त्या मार्चमध्ये ग्नोम ३.२८ आलं आणि नॉटिलसमधून डेस्कटॉप आयकॉन काढून टाकले. कोड जुना झाला होता, बाकीच्या कामाच्या आड येत होता, सांभाळणारे मोजके. हे मी समजू शकतो. फुकट राबणाऱ्या लोकांना शिव्या द्यायला मी बसलेलो नाही. पण लाखो लोकांच्या रोजच्या सवयीची गोष्ट काढताना तिच्या जागी तोडीस तोड काहीतरी हवं की नको? उबुंटू या लिनक्सने १८.०४ आवृत्तीमध्ये आयकॉन राहावेत म्हणून नॉटिलस मुद्दाम ३.२६ वरच ठेवलं. १९.०४ मध्ये एक्स्टेन्शन आलं, २१.०४ मध्ये ते काढून डेस्कटॉप आयकॉन्स एनजी आलं. मधल्या २०.०४ मध्ये, जी लोकांनी वर्षानुवर्षं वापरली, डेस्कटॉपवरची फाइल ओढून फाइल्सच्या खिडकीत टाकता येत नव्हती. ओढून टाकणं! यापेक्षा प्राथमिक काय असतं?

बरं, दुसऱ्या डेस्कटॉपवर जावं तर तिथला शिक्का निराळा. एक्सएफसीई या डेस्कटॉपच्या नव्या आवृत्त्या लाँचरचा शा-२५६ चेकसम (फाइलच्या मजकुरावरून काढलेला ठसा) मेटाडेटात ठेवतात. फाइलमधलं एक अक्षर बदला, विश्वास संपला, पुन्हा विचारणार. सुरक्षेच्या दृष्टीने ही पद्धत मला जास्त पटते, पण ग्नोमसाठी लिहिलेली माझी स्क्रिप्ट तिथे निकामी. डॉट डेस्कटॉप फाइलचा आराखडा सगळ्यांनी मिळून एक ठरवला, मग तिच्यावरच्या विश्वासाची खूणही मिळून ठरवायला काय हरकत होती? आणि आराखड्याबद्दल बोलतोच आहे तर एक्झेकच्या, म्हणजे कमांडच्या, ओळीत होम फोल्डरसाठीची टिल्डे किंवा डॉलर होम ही छोटी खूण थेट चालत नाही, होममधल्या फाइलचा पूर्ण पाथ लागतो. म्हणजे प्रत्येक माणसाच्या खात्यासाठी लाँचर वेगळा लिहा.

पूर्वी निदान रूट म्हणून फाइल मॅनेजर उघडता यायचा. त्यासाठीचं जीकेसू २०१८ मध्ये डेबियन आणि उबुंटूमधून गेलं. डॉल्फिन या केडीई डेस्कटॉपच्या फाइल मॅनेजरने त्याआधीच, २०१७ मध्ये, रूट म्हणून चालायला नकार दिला. आता ॲडमिन कोलन आणि तीन स्लॅश असं पत्त्याच्या पट्टीत टाइप करायचं, पट्टी आधी कंट्रोल एलने आणायची. हे काम करतं, चांगलं करतं, पण कळणार कुठून? म्हणून लोक सुडो नॉटिलस करतात, होममधल्या कॉन्फिगच्या (सेटिंग्जच्या) फाइल रूटच्या नावावर होऊ शकतात, आणि मग सेटिंग्ज सेव्ह होईनात म्हणून फोरमवर नवा धागा. एक्स-ऑथॉरिटीची फाइल (लॉगिननंतर डेस्कटॉप उघडायची किल्ली) अशी रूटकडे गेली की पासवर्ड बरोबर असूनही लॉगिनची खिडकीच पुन्हा पुन्हा येत राहू शकते. ही चूक वापरणाऱ्याची नाही. सरळ रस्ता दाखवला असता तर तो आडरानात गेलाच नसता.

वर हे स्नॅप आणि फ्लॅटपॅक, म्हणजे ॲपला बंद कप्प्यात चालवणारी पॅकेजं. एलएसने पाहिलं तर फाइल माझी, परवानगी पूर्ण, आणि ॲप म्हणतं ॲक्सेस डिनाइड. स्नॅपमधल्या फायरफॉक्सला होममधली बिंदूने सुरू होणारी फोल्डरं दिसत नाहीत, त्याचं टीएमपी (तात्पुरत्या फाइलींचं फोल्डर) वेगळं. कितीतरी स्नॅप ॲपना बाहेरची डिस्क दाखवायला रिमूव्हेबल मीडियाची जोडणी हाताने करून द्यावी लागते. असा कप्पा, म्हणजे सँडबॉक्स, हवाच, मी त्याच्या बाजूचा आहे. पण अडवणारा सँडबॉक्स असेल तर सँडबॉक्सचं नाव घ्या! परवानगीच्या नावाने का अडवता?

‘टर्मिनल शिका’ असं लिहायला टपलेल्यांनी कृपा करून थांबावं. टर्मिनल मला येतं, रोजचं पोट त्याच्यावर भरतं. फाइल मॅनेजर ज्यांच्यासाठी आहे त्यांच्यासाठी मी भांडतोय. परमिशन्सच्या पानावर तीन ओळी लिहायला कुठलीही क्रांती लागत नाही: ही फाइल चालत नाही कारण शिक्का नाही, या डिस्कवर परवानग्या ठेवताच येत नाहीत, या फोल्डरचा मालक अमुक, ॲडमिनचा पासवर्ड द्या आणि बदला. यातली सगळी माहिती त्या प्रोग्रॅमला नकार देण्याच्या क्षणी ठाऊक असते. मागण्या नोंदवल्यात, पॅच लिहायचीही तयारी आहे. पण ‘हे अपेक्षित वर्तन आहे’ असं लिहून कुणी ती नोंद बंद केली, तर मी ती पुन्हा उघडणार.