पान वाढणाऱ्यांचे पान

गौरीजेवणाला आमच्या ठाण्याच्या घरी वीस-बावीस माणसे असतात, आणि दरवर्षी कोणीतरी आपुलकीने सुचवते की, "एवढा व्याप कशाला करता, सगळे टेबलावर मांडून ठेवा, ज्याचे त्याला घेऊ दे." सूचना चुकीची नाही, एरवी चार मित्रमंडळी आली की आम्हीही तेच करतो. सणाच्या जेवणाला मात्र मी पंगतच मांडते, आणि ती का मांडते हे एकदा सविस्तर लिहावे असे बरेच दिवस मनात होते.

माझे माहेर रत्नागिरीकडचे आणि सासर अमरावतीचे. माहेरी गौरींना घावन-घाटले असते. सासरी त्याच गौरी 'महालक्ष्म्या' होतात आणि त्यांना पुरणपोळीबरोबर सोळा भाज्या आणि ज्वारीची आंबील लागते. अनुराधा नक्षत्रावर आवाहन, ज्येष्ठेवर जेवण आणि मूळ नक्षत्रावर विसर्जन एवढा क्रम दोन्हीकडे सारखा. बाकी बहुतेक बाबतींत माझ्या आईचे आणि सासूबाईंचे सौम्य मतभेदच असत. (कोकणातल्या कित्येक घरांत गौरीला तिखटाचा, म्हणजे सामिष, नैवेद्य असतो, हे ऐकून सासूबाई जितक्या चकित झाल्या होत्या तितक्या पुढे कशानेही झाल्या नाहीत.) पान कसे वाढायचे, यावर मात्र दोघींचे पूर्ण एकमत होते.

केळीच्या पानाचा शेंडा जेवणाऱ्याच्या डाव्या हाताला यावा. सर्वांत आधी वरच्या बाजूला मध्यभागी मीठ, त्याच्या डावीकडे लिंबाची फोड, चटणी, लोणचे आणि कोशिंबीर. उजवीकडे सुकी भाजी, मग पातळ भाजी आणि कटाच्या आमटीचा द्रोण. मध्ये भाताची मूद, तिच्यावर वरण आणि सगळ्यांत शेवटी तूप. लहानपणी मला हा निव्वळ सोपस्कार वाटे. स्वतः वाढू लागल्यावर त्यातली सोय कळली. डावी बाजू बोटाने चाखण्याची, म्हणून ती थोडी-थोडी आणि हातापासून जरा दूर. उजवी बाजू भातात वा पोळीशी कालवून खाण्याची, म्हणून ती जेवणाऱ्या हाताजवळ, म्हणजे आमटीचे थेंब पानभर सांडत नाहीत. मीठ तर कोणालाही मागावे लागू नये म्हणून न विचारताच वाढलेले असते. पाहुण्याला मागण्याचा संकोच पडू न देणे हाच मला आदरातिथ्याचा गाभा वाटतो, आणि बुफेत नेमके तेच सुटते: तिथे लाजरा माणूस दुसऱ्यांदा उठत नाही आणि आजोबांना रांगेत ताटकळावे लागते.

पाटावर बसणे आता निम्म्या पाहुण्यांच्या गुडघ्यांना झेपत नाही, म्हणून आम्ही सोसायटीतून दोन लांब टेबले आणतो, त्यांवर पाने मांडतो, प्रत्येक पानाशेजारी तांब्या-भांडे ठेवतो आणि रांगोळी टेबलाच्या दोन्ही टोकांशी जमिनीवर काढतो. त्याने काही बिघडत नाही. उदबत्ती मात्र मी जेवणाच्या जागेपासून दूर ठेवते, कारण तुपाचा वास उदबत्तीखाली दबू नये असे माझे ठाम मत आहे. सगळ्यांची पाने वाढून झाली की घरातल्या वडीलधाऱ्याने "सावकाश होऊ द्या" म्हणायचे आणि तोवर कोणी घास उचलायचा नाही.

पंगतीचे एवढे गुणगान केल्यावर तिची दुसरी बाजू लपवणे अप्रामाणिकपणाचे होईल. 'पंक्तिप्रपंच' हा शब्द आपल्या भाषेत उगाच आलेला नाही. कोण कोणाच्या शेजारी बसणार आणि कोणाच्या हातचे चालणार, यावर आपल्या समाजाने माणसे दूर ठेवली. १८९० साली पुण्यात पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये चहा घेतल्याच्या प्रकरणावरून टिळक-रानड्यांसारख्यांनाही ग्रामण्याला, म्हणजे जातीच्या बहिष्काराला, आणि प्रायश्चित्ताच्या वादाला तोंड द्यावे लागले, तर ज्यांच्या नावामागे वलय नव्हते त्यांचे काय होत असेल याची कल्पना करावी. त्या पंगतीचे मला मुळीच प्रेम नाही. आणि घरातला पंक्तिप्रपंच तर माझ्या डोळ्यांदेखतचा आहे: आधी पुरुष आणि मुले, मग सवाष्णी, आणि सर्वांत शेवटी, दुपारचे चार वाजून गेल्यावर, पहाटेपासून पुरण वाटणाऱ्या घरच्या बायका. त्यांच्या पानात गार पोळी आणि तळाची आमटी यायची, आणि वाढायलाही कोणी उरलेले नसायचे.

म्हणून सहा वर्षांपूर्वी आम्ही एक नियम केला. पंगती दोनच आणि दोन्ही मिश्र. पहिल्या पंगतीला ज्यांनी वाढले ते दुसऱ्या पंगतीला बसतील आणि पहिल्या पंगतीत जेवलेले त्यांना वाढतील, पाहुणेसुद्धा. दुसऱ्या पंगतीच्या पोळ्यांसाठी अर्धे पुरण बाजूला ठेवायचे आणि त्या पोळ्या तेव्हाच लाटायच्या. तव्याशी आळीपाळीने माझे यजमान आणि माझा मुलगा उभे राहतात; पोळ्या नकाशासारख्या होतात, पण गरम असतात. आग्रहालाही आम्ही थोडी वेसण घातली आहे, कारण मधुमेह असलेल्या माणसाच्या पानात हात आडवा असताना पोळी टाकणे याला मी प्रेम म्हणत नाही. "अर्धी वाढू का?" असे एकदा विचारायचे आणि नको म्हटले की पुढे जायचे.

गेल्या वर्षी दुसऱ्या पंगतीला मामेसासरे वाढायला उठले. आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच उठले असावेत, कारण भात, वरण, भाज्या सगळे वाढून झाल्यावर ते मिठाचे भांडे घेऊन आले. "अरे, मीठ आधी!" असे सासूबाई धाकट्या भावावर ओरडल्या आणि सगळी पंगत हसू लागली. मामांनी निमूटपणे प्रत्येकाच्या पानात, जिथे जागा सापडेल तिथे, मीठ वाढले. सासूबाईंनी ते बोटाने सरकवून पानाच्या वर मध्यभागी नेले, तव्यावरून थेट आलेल्या पोळीवर स्वतःच्या हाताने तूप घेतले, आणि ती संपल्यावर दुसरी मागितली.