जॉर्ज म्हणजे राजा? छे, शेतकरी!

माझ्या भाचीला मुलगा झाला. जावई केरळचे, सीरियन ख्रिश्चन. थोरल्या मुलाला वडिलांच्या वडिलांचं नाव द्यायचं ही त्यांच्याकडची जुनी रीत. आजोबा वर्गीस, म्हणून नातू जॉर्ज (नाव एकच, कसं ते पुढे येईल). बाप्तिस्म्याची तारीख घरच्या ग्रुपवर पडली आणि दुसऱ्याच दिवशी आमच्या एका वडीलधाऱ्या काकांनी तिथे ‘डोळे उघडणारी माहिती, पुढे पाठवा’ असं म्हणत एक लांबलचक मजकूर चिकटवला. त्याचा सारांश असा: जॉर्ज म्हणजे ‘राजा’, हे नाव इंग्रजांनी भारतात आणलं आणि गुलामांना दिलं, मुळात ते आपल्या ‘गर्ग’ ऋषींच्या नावाचा अपभ्रंश आहे, जॉर्जिया देशाचं नाव इंग्लंडच्या राजावरून पडलं, आता खुद्द गोऱ्यांनीही हे नाव टाकून दिलंय, आणि अशी नावं ठेवणाऱ्या भारतीयांची निष्ठा कुठे आहे ते तपासायला हवं. भाचीने मला वेगळा मेसेज केला, “मामा, यातलं खरं किती?”

फार थोडं. पण काकांना फोनवर समजावणं माझ्या आवाक्याबाहेरचं आहे, म्हणून लिहूनच काढतो.

आधी अर्थ. ग्रीक भाषेत ‘गे’ म्हणजे जमीन आणि ‘एर्गॉन’ म्हणजे काम. जमिनीत काम करणारा तो ‘गेओर्गोस’. त्यावरून गेओर्गिओस आणि पुढे जॉर्ज. म्हणजे शेतकरी. यात राजाबिजा कुठेही नाही. पुरावा हवा तर ग्रीक भाषेतला नवा करार उघडावा. योहानाच्या शुभवर्तमानात, 15व्या अध्यायाच्या पहिल्याच ओळीत, येशू स्वतःला द्राक्षवेल म्हणतो आणि पित्याला त्या वेलीची मशागत करणारा. तिथे मूळ शब्द आहे गेओर्गोस. मार्कच्या 12व्या अध्यायात द्राक्षमळा कुळांना खंडाने देणाऱ्या मालकाची गोष्ट येते. त्यातल्या कुळांसाठीही हाच शब्द, अनेकवचनात. मालकाला नव्हे, कुळांना. राजा म्हणवणाऱ्या नावाचा याहून सपशेल उलटा अर्थ शोधूनही सापडणार नाही. रोमन कवी व्हर्जिलने शेतीवर चार भागांचं काव्य लिहिलं: पिकं, झाडं-वेली, गुरंढोरं, मधमाश्या. त्याचं नाव ‘जॉर्जिक्स’. राजांवर लिहिलं असतं तर वेगळं नाव दिलं असतं.

आता गर्ग ऋषी. या मजकुरात हा मुद्दा सगळ्यात ठळक अक्षरांत आहे, पुढे तीन उद्गारचिन्हं. गर्ग, मग गर्ज, मग जॉर्ज, असा प्रवास दाखवलाय. लिहिणाऱ्याला बहुधा जिऑग्राफी, जिऑलॉजी, जिऑमेट्री हे शब्द शाळेत भेटले नसावेत. त्यांतला ‘जिऑ’ आणि जॉर्जमधला ‘जॉ’ एकाच ‘गे’तून आलेत. जॉर्ज गर्गांचा असेल तर भूगोलाच्या पुस्तकावरही ‘गर्गग्राफी’ छापायला हवं. उरलेला ‘एर्गॉन’ एनर्जीत आहे आणि सर्जनमध्येही आहे, कारण सर्जन म्हणजे मुळात ‘हाताने काम करणारा’. शब्दाचे दोन तुकडे दहा ठिकाणी त्याच अर्थाने भेटत असताना तिसऱ्याच नावाशी त्याची गाठ मारायची, ती केवळ कानाला बरं वाटतं म्हणून. ग्रीक आणि संस्कृत एकाच भाषाकुळातल्या आहेत हे खरं. पण नातं दाखवायला ध्वनिबदलांचे नियम लागतात, यमक जुळवून भागत नाही. शिवाय मला कळत नाही ते निराळंच. हे नाव गुलामीची खूण आहे की आपल्या ऋषींचा वारसा आहे? एकाच मजकुरात, सहा ओळींच्या अंतराने, दोन्ही? गर्गांचं असेल तर भाचीचं अभिनंदन तरी करा.

पण खरा राग आणणारा मुद्दा आहे ‘इंग्रजांनी आणलं’ हा. कारण यात केरळच्या एका अख्ख्या समाजाचा इतिहास पुसून टाकलाय. मलबारचे सीरियन ख्रिश्चन जॉर्ज हे नाव सिरियाक या त्यांच्या जुन्या उपासनेच्या भाषेतून घेतात. तिथे त्याचं रूप ‘गीवर्गीस’, त्याचं मल्याळी तोंडी झालेलं ‘वर्गीस’, आणखी घरगुती ‘वर्की’. वर्गीस आणि जॉर्ज ही दोन नावं नाहीतच, एकाच नावाची दोन रूपं आहेत. जून 1599 मध्ये गोव्याचे पोर्तुगीज आर्चबिशप मेनेझिस यांनी कोचीनजवळ उदयम्पेरूर इथे धर्मपरिषद भरवली आणि मलबारच्या ख्रिश्चनांना रोमच्या पोपच्या शिस्तीत बसवायचा घाट घातला. त्या वेळी या समाजाचा स्थानिक पुढारी, आर्चडीकन, कोण होता? गीवर्गीस. म्हणजे जॉर्ज. तो पोर्तुगीजांच्या मर्जीतला नव्हता, त्यांच्याशी झगडणारा होता. ईस्ट इंडिया कंपनीला सनद मिळाली 31 डिसेंबर 1600 रोजी. कंपनीचं बारसंही झालं नव्हतं तेव्हा केरळात जॉर्ज होते आणि ते युरोपीय धर्मसत्तेशी वाद घालत होते.

आणि इंग्लंडच्या गादीवर पहिला जॉर्ज बसला 1714 साली. तोही हॅनोव्हरहून आलेला जर्मन, गेओर्ग लुडविग. मद्रासच्या किल्ल्याला फोर्ट सेंट जॉर्ज म्हणतात, तो 1644 पासून. जॉर्ज नावाचा राजा यायच्या सत्तर वर्षं आधी. ते नाव संत जॉर्जचं. हा संत परंपरेप्रमाणे कॅपाडोशियाचा, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातला. रोमन सम्राट डायोक्लेशनच्या छळात त्याने प्राण दिले असं मानतात, आणि त्याचं थडगं दाखवतात ते लोद या गावी, आजच्या इस्राएलमध्ये. इंग्लंडशी त्याचा संबंध इंग्रजांनी त्याला आपला संरक्षक संत केलं एवढाच. रशियात हेच नाव ‘यूरी’ होतं. अंतराळात गेलेला पहिला माणूस यूरी गागारिन, सामुदायिक शेतीवर राबणाऱ्या घरातला, हाही जॉर्जच. तो काय इंग्रजांचा गुलाम होता?

गुलामांच्या मुद्द्यात मात्र अर्धा दाणा खरा आहे, तो नाइलाजाने कबूल करतो. फक्त देश चुकलाय. अमेरिकेत पुलमन कंपनीच्या रेल्वे शयनडब्यांत काम करणाऱ्या कृष्णवर्णीय पोर्टरांना प्रवासी सरसकट ‘जॉर्ज’ म्हणून हाक मारत. कंपनीचा मालक जॉर्ज पुलमन, आणि गुलामाला मालकाच्या नावाने ओळखायची जुनी खोड. कुणाचंही खरं नाव विचारायची तसदी नको! कळस असा की 1914 साली तिथल्या जॉर्ज नावाच्या गोऱ्यांनीच ‘पोर्टरांना जॉर्ज म्हणू नका’ अशी संघटना काढली. पोर्टरांच्या अपमानाची कळ त्यांना नव्हती, आपल्या नावाची होती, आणि अर्ध्याहून अधिक तो थट्टेचाच मामला होता. पोर्टरांनी 1925 मध्ये स्वतःची युनियन उभी केली, तिथून त्यांची खरी लढाई सुरू झाली. तर हा अपमान घडला, पण तो हाक मारणाऱ्यांच्या तोंडून. नावाच्या अर्थाचा किंवा केरळातल्या बाप्तिस्म्याचा त्याच्याशी काय संबंध?

राजावरून भारतात कुणी नाव ठेवलंच नाही असंही मी म्हणणार नाही. समाजवादी नेते जॉर्ज फर्नांडिस 3 जून 1930 रोजी मंगळूरला जन्मले. राजे पाचवे जॉर्ज यांचाही वाढदिवस 3 जूनच. आईला राजाचं कौतुक, म्हणून पोराचं नाव जॉर्ज. घ्या, एक तरी उदाहरण तुमच्या बाजूचं.

जॉर्जियाचं लवकर उरकतो. अमेरिकेतलं जॉर्जिया राज्य दुसऱ्या जॉर्जच्या नावाचं, हे बरोबर. कॉकेशसमधला देश वेगळा. त्याच्या नावाची मुळं फारसी ‘गुर्ज’कडे जातात आणि तिथले लोक स्वतःच्या देशाला साकार्तवेलो म्हणतात. मजकुराने दोन्ही एकत्र कालवलेत.

‘गोऱ्यांनी टाकून दिलं’ हेही अर्धवट. अमेरिकेत विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत जॉर्ज पहिल्या दहा नावांत असायचं, पुढे ते घसरत शंभराच्याही खाली गेलं. इंग्लंड आणि वेल्समध्ये उलट आहे. तिथे 2021, 2022, 2023 या तिन्ही वर्षी मुलग्यांच्या नावांत ते पहिल्या पाचात होतं. 2013 मध्ये राजपुत्र जॉर्ज जन्मला म्हणून, असं कुणी म्हणेल, पण नाव त्याआधीही तिथे चांगलंच चालत होतं. आजोबांच्या पिढीची नावं नातवांना पुन्हा ठेवायची लाट आहे, तिचा हा भाग असावा असं मला वाटतं. आणि नाव जुनं झालं की टाकायचं असा नियम असेल तर आपल्याकडचा गोपाळही टाका. तोही धंद्यावरूनच आलाय, गाई राखणारा. गोपाळ नावाच्या इंजिनिअरला गुरं कुठे बांधलीस असं मी तरी कुणाला विचारताना ऐकलेलं नाही. गंमत म्हणजे खेडा जिल्ह्यातल्या दूध-उत्पादकांची सहकारी संस्था देशभर गाजवणाऱ्या माणसाचं नाव वर्गीस कुरियन. अर्थ काढला तर शेतकरीच. तेही शिकले होते इंजिनिअरिंगच.

राहिली निष्ठा. काकांनी ती ओळ वाचून तरी पाठवली का, मला शंका आहे. चेंगन्नूरचे बॅरिस्टर जॉर्ज जोसेफ मदुरैत वकिली करत. इंग्रजांच्या गुन्हेगार जमाती कायद्याखाली भरडल्या जाणाऱ्या कळ्ळर लोकांचे खटले त्यांनी लढवले, स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगात गेले, गांधीजी तुरुंगात असताना 1923 मध्ये त्यांच्या ‘यंग इंडिया’ साप्ताहिकाचं संपादन केलं आणि 1924 मध्ये केरळात, देवळाभोवतालचे रस्ते अस्पृश्यांना खुले व्हावेत म्हणून झालेल्या वायकोम सत्याग्रहात पुन्हा अटक करवून घेतली. आणि ते फर्नांडिस, ज्यांचं नाव खरोखरच इंग्रज राजावरून पडलं होतं? त्यांनी 1967 मध्ये दक्षिण मुंबईत काँग्रेसच्या स. का. पाटलांना पाडलं, 1974 मध्ये देशाची रेल्वे थांबवली, आणीबाणीत सरकारविरोधी स्फोटांच्या कटाच्या आरोपावरून, बडोदा डायनामाइट खटल्यात, बेड्या सोसल्या आणि 1977 मध्ये तुरुंगात बसून मुझफ्फरपूरची जागा जिंकली. निष्ठा तपासायचीच असेल तर काकांनी सुरुवात या दोघांपासून करावी.