दोनशेपैकी कवडी किती?

परवा ओपीडीत एका आजीने माझ्या हातून चिठ्ठी घेतली, आमच्या फार्मासिस्टपुढे धरली आणि हळूच विचारलं, "बराबर लिवलं न यानं? नापास झाला म्हंते न बाप्पा." हळूच म्हणजे तिसऱ्या बाकावरच्या खोकल्याच्या पेशंटने खोकायचं थांबवून माझ्याकडे पाहिलं, इतकं हळू.

मी नापास झालेलो नाही. ती सराव परीक्षा होती.

झालं असं. बाँडचं, म्हणजे एमबीबीएसनंतरच्या सक्तीच्या सरकारी सेवेचं वर्ष, वणीच्या अलीकडचं प्राथमिक आरोग्य केंद्र, आणि पुढच्या शिक्षणाच्या प्रवेश परीक्षेचा, नीट-पीजीचा, अभ्यास मोबाईलवर. त्या रात्री लाइन गेली, म्हणून क्वार्टर सोडून केंद्राच्या व्हरांड्यात बसलो होतो. शेजारी एक आबाजी. सून आत बाळंतपणाला, सिस्टरने "अजून वेळ आहे" म्हणून सांगितलेलं, आणि वेळ घालवायला त्यांच्याजवळ तंबाखू आणि मी.

"काय पाहून रायले सायब? कापसाचा भाव?"

"नाही आबाजी, अभ्यास."

"अजून?"

या 'अजून'वर मी गप्प बसायला हवं होतं. पण मी त्यांना सगळं सांगितलं. दोनशे प्रश्न, बरोबरला चार, चुकलं की एक कापतात. माझे एकशे अठरा बरोबर, ब्याऐंशी चूक. आठशेपैकी तीनशे नव्वद.

आबाजींनी तंबाखूवर थाप मारली. "म्हंजे अर्धे बी नाई."

मी दुर्लक्ष करून चुकलेल्या प्रश्नांची स्पष्टीकरणं वाचू लागलो. मला मोठ्याने वाचायची खोड आहे. ऑरगॅनोफॉस्फरस (म्हणजे फवारणीच्या कीटकनाशकाच्या) विषबाधेत खालीलपैकी काय आढळत नाही? डोळ्यांच्या बारीक झालेल्या बाहुल्या, लाळ, मंद नाडी, कोरडी त्वचा. मी 'बाहुल्या' दाबलं होतं. खाली अर्धं पान स्पष्टीकरण: एन्झाइम बंद पडतं, ॲसिटिलकोलीन साठतं, म्हणून सगळीकडून पाणी सुटतं. मी मान डोलावत होतो. हो, बरोबर, येतं की मला हे.

"कोरडं कायचं बाप्पा?" आबाजी मधेच म्हणाले. "पोयाच्या नंतर फवारतानी मले झालतं तवा घामानं बनियन पिळून घ्यावं असं झालतं. तुमीच तर डोयात बॅटरी मारली होती."

मारली होती. सलाईन लावून त्यावरचा उतारा, ॲट्रोपिनही मीच दिलं होतं. छातीतली खरखर थांबेपर्यंत रात्रभर.

"मंग तुमाले येत होतं का नाई हे?"

"येतंच होतं."

"मंग चुकलं कसं?"

अर्ध्या पानाच्या स्पष्टीकरणात याचं उत्तर नव्हतं. मी प्रश्नातला 'नाही' वाचलाच नव्हता. ते कबूल करायला मला थोडा वेळ लागला आणि तेवढ्यात आबाजी पुढच्या मुद्द्यावर गेले.

"अन् बराबर आले त्यातले तुक्क्याचे किती?"

"असतील वीसेक."

"ते पाहून नाई रायले?"

"बरोबर आलेलं कशाला पाहू?"

आबाजी सरसावून बसले. "बंडी नेली का व्यापारी वरचा पांढरा कापूस पायते का? हात खुपसते खाली. डागी कवडी निघाली का भाव पाडते. तुमच्या एकशे अठरात कवडी किती, ते पायलं काय तुमी? का नुसतं वरवर पाहून मान हालवून रायले?"

एमबीबीएसची साडेपाच वर्षं कुणी मला असं बोललं नव्हतं. म्हणजे बोलले होते, पण इंग्रजीत.

आता माझीही बाजू ऐका. ही स्पष्टीकरणं लिहिणारे कोण असतात देवाला ठाऊक. जो रोग इथे कुणी बघितला नाही त्यावर दीड पान तक्त्यासकट, आणि जिथे दोन पर्यायांत जीव अडकतो तिथे 'इतर पर्याय सुसंगत नाहीत'. का नाहीत ते सांग ना बाबा, पैसे भरलेत! आणि खरी परीक्षा तरी कशी, चाळीस प्रश्न, बेचाळीस मिनिटं, की तो भाग कुलूपबंद. मागे जायचं नाही. वॉर्डात फवारणीचा पेशंट आला की मी दर थोड्या वेळाने मागे जातो, पुन्हा छाती ऐकतो, डोस पुन्हा ठरवतो. तिथे तेच काम. परीक्षेत त्याचे मार्क नाहीत, उलट त्या रात्रीचा अभ्यास बुडतो, आणि शहरात एसी लायब्ररीत बसलेला माझा बॅचमेट तीन टेस्ट पुढे जातो. असो.

पहाटे चारला नातू झाला. सकाळी चहाच्या टपरीवर आबाजींनी गावाला दोन बातम्या दिल्या. नातवाची लोक विसरले.

काल ते बीपी दाखवायला आले. एकशे पन्नास-नव्वद. मी आकडा सांगितला, मीठ कमी करा म्हटलं. ते माझ्याकडं पाहत बसले.

"एकडाव अजून वाचून घ्या सायब. कुठी 'नाही' तर नाई न लिवलं त्याच्यावर?"

मी पट्टा पुन्हा बांधला.